लबाडाची पाणथरी

शुक्रवार, १ मार्च

आज मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या नव्या तुकडीसमोर आडवी झाले. सत्ताविसावं वर्ष. अठरा मुलं आहेत, त्यातल्या अकरा मुली. खिडकीतून पोतोसीचा डोंगर दिसतो म्हणून ती खोली मला आवडते, पण शेगडी पुन्हा बंद होती. ब्लाऊज वर करून पडले तेव्हा पोटावर काटा आला.

मी शिकत होते तेव्हा आम्ही दहाबारा जण मिळून एखाद्या खाणकामगाराच्या बायकोचं पोट दाबायचो. गारठलेले हात आणि वर आपसात कुजबुज. ती बिचारी छताकडे बघत पडायची. नको म्हणायची तिला सोयच नव्हती. म्हणून शिकवायला लागले त्याच वर्षी ठरवलं, आधी माझं पोट. रुग्णाला हात लावायच्या आधी प्रत्येकाने माझ्यावर हात बसवायचा. आजवर सहा डीन झाले आणि सहाही जणांनी नाक मुरडलं, पण मी हटले नाही.

नियम एकच. हाताला लागलं ते कागदावर लिहायचं, नाही लागलं तर ‘नाही’ लिहायचं. त्यातच माझा सापळा असतो. निरोगी माणसाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांच्या आड दडलेली असते, हाताला लागत नाही. पण आदल्या दिवशी पुस्तक वाचून आलेल्या पोरांना ती बरोबर लागते, कारण बाईंना खूश करायचं असतं. असा एखादा दर वर्षी निघतोच. मग मी फळ्यावर भोपळ्याएवढी पाणथरी काढते, त्यावर त्याचं नाव लिहिते आणि खाली लिहिते, ‘लबाडाची पाणथरी’. पुढच्या शुक्रवारी त्याने सगळ्या वर्गाला साल्तेन्या, आपल्या खिम्याच्या करंज्या, खाऊ घालायच्या. पोरं जन्मभर विसरत नाहीत.

यंदा मागच्या बाकावरची मुलगी सापडली. बेनिता कोल्के. मेंढ्या राखणाऱ्यांच्या गावातून आलेली, वसतिगृहात फुकट जागा आणि फुकट जेवण मिळवून शिकणारी. कागदावर लिहिलं होतं, ‘पाणथरी : दोन बोटं.’ म्हणजे बरगडीच्या खाली दोन बोटं उतरलेली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, मेंढ्यांवर, दोक्तोरा, पोटात कोकरू आहे का ते आम्ही हातानेच बघतो.

मी म्हटलं, “पोरी, मी गाभण नाही.”

वर्ग हसून हसून लोळला. ती हसली नाही, खालीही बघितलं नाही तिने. मला जरा रागच आला.

दातांच्या डॉक्टरचा मुलगा फाब्रिसिओ पेन्यारांदा, त्याच्या कागदावर काहीतरी लिहून खोडलेलं होतं आणि पुढे ठळक ‘नाही’. हा मुलगा विचार करतो. आवडला.

शुक्रवार, ८ मार्च

बेनिताने साल्तेन्या आणल्या नाहीत. गाठोड्यात मक्याचे उकडलेले दाणे आणि मेंढीचं चीज आणलं. तिची आई गावाहून येऊन इथल्या बाजारात धान्य विकते, तिने पहाटे उकडून दिले म्हणे. दाणे अजून गरम होते. मी म्हटलं, प्रथा साल्तेन्यांची आहे. म्हटलं आणि दोनदा घेऊन खाल्ले.

रविवार, १७ मार्च

एर्मिनियाबरोबर तारापायाच्या गरम कुंडावर. दोघी बहिणी पाण्यात बसून लग्न झालेल्या मैत्रिणींना नावं ठेवतो, आमची हीच चैन. पण बाहेर आले आणि अंगाला अशी खाज सुटली की बसमध्ये पाठ सीटला घासत बसले. एर्मिनिया म्हणाली, पाण्यात काहीतरी आहे. तिला मात्र काही झालं नव्हतं. मागच्या महिन्यात घरी गरम पाण्याने आंघोळ केली तेव्हाही असंच झालं होतं. साबण बदलायला हवा.

रविवार, १४ एप्रिल

खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या सहज हात गेला. गुडघे दुमडले, डावा हात मागून बरगड्यांखाली घातला, उजवा पुढून ठेवला आणि खोल श्वास घेतला. काहीतरी कडक येऊन बोटांना टेकलं.

उठून खिडकीशी जाऊन बसले. मग स्वतःचंच हसू आलं. आठवडाभर एर्मिनिया सुकवलेल्या बटाट्याचं सूप करतेय, पोट साफ नाही, आतडं भरलेलं आहे. त्या मेंढपाळ पोरीने माझ्या डोक्यात भरवलं आणि मला लागायला लागलं. पुस्तक वाचून आलेल्या पोरांचं होतं तेच माझं झालं. साठी उलटली, पुढच्या वर्षी निवृत्ती आणि आता हे.

पुन्हा हात लावला नाही.

शुक्रवार, ३ मे

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

पुरुषांच्या कक्षात सेनोबिओ नावाचा म्हातारा खाणकामगार आहे, मानाने सगळे ‘दोन सेनोबिओ’ म्हणतात. छातीत खाणीची धूळ आणि आता पाणीही भरलंय. मी सगळ्यांना त्याच्या पाठीवर बोट ठोकायला लावलं. डावं मधलं बोट पाठीवर सपाट ठेवायचं, त्यावर उजव्या मधल्या बोटाने ठोकायचं आणि ऐकायचं. पोकळ वाजलं तर हवा, मठ्ठ वाजलं तर पाणी. सांगायला अगदी सोपं, यायला तीन वर्षं लागतात. फाब्रिसिओने दार ठोठावल्यासारखं ठोकलं. म्हातारा म्हणाला, या, उघडंच आहे.

बेनिताने आधी हात काखेत धरून ऊन केले. मग वरून खाली उतरत गेली, थांबली, जरा वर आली आणि पेनाने पाठीवर एक रेघ काढली. दुपारी एक्स-रे आला. पाण्याची कड तिच्या रेघेवरच होती.

मी विचारलं, हे कसं जमलं? ती म्हणाली, आईकडे पोती असतात दोक्तोरा, किती भरलंय ते ठोकूनच कळतं. आणि मग हळूच, बाबांचीपण ठोकते. तिचा बापही खाणीतलाच.

सत्तावीस वर्षांत असे हात मी तीनदा पाहिले. घरी चालत येताना पोटात ऊब घेऊन आले. पाय जड असतात, उभा चढ आहे, पण आज दोनदाच थांबले. अशा एका दिवसावर मी पुढचे दोन महिने शिकवू शकते.

तिला मी फक्त ‘ठीक’ म्हटलं. डोक्यात जायला नको.

सोमवार, २४ जून

जूनचा ऐन हिवाळा, थंडीने नळ फुटले आहेत आणि माझ्या पायाची बोटं मात्र निखाऱ्यावर धरल्यासारखी भाजताहेत. लाललाल झाली आहेत. मोजे काढून फरशीवर पाय ठेवले तेव्हा कुठे बरं वाटलं. एर्मिनिया म्हणाली, ओफे, तू म्हातारी झालीस. मी म्हटलं, तू माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहेस, तयारीत राहा.

सकाळी तास संपल्यावर बेनिता दाराशी थांबून राहिली. सगळे गेल्यावर आत आली.

“दोक्तोरा, एकदा रक्त तपासून घ्या ना.”

“कुणाचं?”

“तुमचं.”

ती पुढे म्हणाली, तुमचे डोळे लाल असतात, हात लाल असतात आणि त्या दिवशी मला खरंच लागली होती. मी म्हटलं, पोतोसीत कुणाचंही रक्त तपास, दाटच निघेल. चार हजार मीटरवर राहतो आपण, ह्या शहरात फिकट माणूस दिसला तर मी त्याला भरती करते. आणि दुसरं, तुला अजून परीक्षा द्यायची आहे, मला नाही.

ती गेली. बोलले ते जरा जास्तच झालं. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीने माझं निदान करायचं?

जेवणाच्या सुट्टीत रेमिहिओ आरान्सिबियाला गंमत म्हणून सांगितलं. तो रक्ताच्या आजारांचा डॉक्टर, आम्ही एकाच वर्गात होतो. तो म्हणाला, ओफेलिता, ये की मग, एक बाटली रक्त काढतो, तेलासारखं शेगडीत जाळायला होईल. दोघंही हसलो. जाईन सवडीने कधीतरी.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आज दाट रक्तावरचा तास. दर वर्षी सांगते तेच सांगितलं. उंचीवर राहून रक्त दाट होतं तेव्हा पाणथरी वाढत नाही. दाट रक्ताच्या माणसाची पाणथरी हाताला लागली तर डोंगराला दोष देऊ नका. रोग हाडांच्या मगजात आहे, तो शोधा, नाहीतर एक दिवस रक्ताची गाठ मेंदूत जाऊन बसेल. गरम पाण्याने आंघोळ केली की खाज येते का, तेही विचारा.

इतकी शांतता त्या खोलीत मी कधी अनुभवली नव्हती. अठराच्या अठरा जण माझ्याकडे टक लावून बघत होते, पेन कुणाचंच चालत नव्हतं. फाब्रिसिओ तर तोंड उघडं टाकून बसला होता. ही तुकडी नुसतं टिपून घेत नाही, ऐकते. बाहेर पडताना एका मुलीने माझी पिशवी हातातून घेतली. हल्ली ही मुलं फार मायेने वागतात. परवा जिन्यात खुर्ची आणून ठेवली होती, मला दम लागतो म्हणून.

निवृत्तीच्या आधी देवाने बरी पोरं दिली.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस, आईच्या कबरीवर जाऊन आलो. गेलेल्यांच्या नावाने भाजलेली पावाची बाळं, फुलं, तिला आवडायची ती शेंगदाण्याची चिक्की. आईच्या नावाचं बाळ यंदा मला उचलता आलं नाही, हातातून निसटून पडलं आणि त्याचं डोकं मोडलं. एर्मिनियाला अपशकुन वाटला. मला वाटतं मान अवघडली आहे. पेपर तपासताना उजव्या हाताला मुंग्या येतात. डोकं तर रोजच दुखतं. अक्षर बघते आहे माझं, कोंबडीने पाय उमटवल्यासारखं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

वार्षिक प्रात्यक्षिक. पुन्हा माझंच पोट. एकेकाने आत यायचं, तपासायचं, कागद दुमडून खोक्यात टाकायचा. बोलायचं नाही.

तीन तास पडून होते. शेवटी पाठ धरली, पण मन भरून आलं. मार्चमध्ये ह्याच हातांनी मला कणीक तिंबल्यासारखं दाबलं होतं. आज प्रत्येकाने हात आधी ऊन केले, प्रत्येकाने माझ्या तोंडाकडे बघत बघत दाबलं. डाव्या बाजूला सगळेच जरा जास्त वेळ रेंगाळले. फाब्रिसिओने तर मला तीन वेळा श्वास घ्यायला लावला. त्याचे कान लाल झाले होते. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. परीक्षेची भीती, दुसरं काय.

घरी येऊन कागद उघडले. पाणथरीपुढे सतरा कागदांवर ‘लागत नाही’.

अठराव्यावर : ‘पाच बोटं. कड कठीण. आतल्या बाजूला खाच लागते.’

मी चष्मा काढून ठेवला. पोरीला एकदा चूक दाखवली, हसं झालं, तरी तेच. दोनाची पाच केली. खाचही लिहिली, पुस्तकात असते तशी. सतरा हात एक बोलतात आणि हिचा एकटीचा दुसरं. फार वाईट वाटलं, कारण हात चांगले आहेत. पण ज्या डॉक्टरला नसलेलं लागतं त्याच्या हाताखाली माणसं मरतात.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बेनिताला बोलावून घेतलं. मी म्हटलं, चूक केली असतीस तर पास केलं असतं. हा हट्ट आहे. अजून वेळ आहे, कबूल कर की लागली नव्हती, मी पास होण्यापुरते एक्कावन्न देते.

हात घेरदार पोलेऱ्याच्या घोळात गुंडाळून घेतले होते तिने.

“तुम्हीच म्हणाला होतात दोक्तोरा, हाताला लागलं ते लिहा.”

“आणि बाकीच्या सतरा जणांना का नाही लागली?”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मान खाली घातली. वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, खोटं पकडलं गेलं.

पंचेचाळीस गुण दिले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

निकालपत्रावर सही करून दिली. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, एका विषयात गेली तरी वसतिगृहातली जागा जाते, माहीत आहे ना? मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं, आठवलं नव्हतं. पेन हातात होतं. नियम म्हणजे नियम, म्हटलं.

दिवसभर काही खाववलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. हळू.

२९ नोव्हेंबरला झालं. दोन सेनोबिओच्या पलंगाशी. मुलांना ठोकून दाखवत होते. उजवं बोट उचललं, ते खाली आलंच नाही. म्हातारा म्हणाला, दोक्तोरा, ठोका की. मग पडले.

रेमिहिओ रोज येतो. रक्ताचा रोग आहे. हाडांच्या मगजातला. वर्ष-दीड वर्षापासून असावा. त्याने माझ्या पोटाला हात लावला आणि हात तिथेच ठेवून रडला. साठी उलटलेला माणूस. म्हणाला, “ही दुसऱ्या वर्षाच्या पोरालासुद्धा लागली असती, ओफेलिता.”

रक्त काढून पातळ केलं. गोळ्या चालू आहेत. मार्चमध्ये सुरू केल्या असत्या तर हात राहिला असता बहुतेक. तो हे बोलला नाही. मीच वर्गात सांगते.

सोमवार, २३ डिसेंबर

फाब्रिसिओ आला होता. हातात फुलं. एर्मिनियाने त्याला बसवलं, तो पलंगापासून लांब बसला.

माझी जीभ अजून जड आहे. बोलले, तुला लागली होती?

तो रडायला लागला. म्हणाला, “सगळ्यांना लागली होती दोक्तोरा. मार्चमध्ये आम्हा चौघांना. परीक्षेत सगळ्यांनाच. न लागायला काय, हाताला आपटत होती.”

मग लिहिलं का नाही, असं विचारायचं होतं. शब्द सापडेपर्यंत तोच बोलत गेला. बेनिताचं हसं झालं ते त्यांनी बघितलं होतं. शिवाय त्यांना वाटलं, मला माहीत आहे. एवढी मोठी डॉक्टर, हिला स्वतःचं माहीत नसेल? त्यात ऑगस्टमधला तो तास. सगळ्यांनी ठरवलं, दोक्तोराला माहीत आहे, तिला सांगायचं नाहीये. आपण ‘नाही’ लिहायचं आणि तिला जपायचं. म्हणून खुर्ची. म्हणून पिशवी.

“बेनिताला पण म्हटलं होतं आम्ही, नको लिहू म्हणून. ती म्हणाली, तिला माहीत नाहीये. तिला माहीत असतं तर मला हसली नसती.”

मग मी तिला विचारलं होतं, सतरा जणांना का नाही लागली. सतरा जणांची नावं तिच्या ओठांवर होती आणि ती गप्प राहिली.

फाब्रिसिओ गेल्यावर एर्मिनियाला वाटलं मला पुन्हा झटका आला. आला नव्हता, मी रडत होते. अठरा जण. अठराच्या अठरांना लागली. इतकी चांगली तुकडी माझ्या हातून कधीच तयार झाली नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी

पहिल्यांदा बाहेर. काठी आणि एर्मिनियाचा खांदा. वसतिगृहात विचारलं. बेनिताच्या पलंगावर दुसरी मुलगी आहे.

बाजारात तिच्या आईकडे गेले. धान्याच्या रांगेत शोधावं लागलं नाही, तेच डोळे. सातुर्निना नाव, मानाने सगळे दोन्या सातुर्निना म्हणतात. मला बघून तिने पोत्यावर घोंगडी घातली आणि बसा म्हणाली.

बेनिता गेली. निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात. मामेबहिणीबरोबर, बसने, सीमा ओलांडून ब्वेनोस आयरेसला. शिवणकामाच्या कारखान्यात. बापाला खाणीचा आजार, घरात बसलाय.

मी म्हटलं, माझी चूक झाली. उजव्या बाजूने लाळ गळाली, रुमाल सापडेना. तिने आपल्या शालीच्या टोकाने पुसली. माझी आई पुसायची तशी.

“ती म्हणाली होती मला, दोक्तोरा आजारी आहे आणि ऐकत नाही. देवळात मेणबत्ती लाव म्हणाली. लावली मी. दर सोमवारी लावते.” मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “उशीर झाला का लावायला?”

निघताना तिने पुडीत मक्याचे दाणे बांधून दिले. त्या दिवशी तुम्हाला आवडले होते म्हणे, बेनिताने घरी सांगितलं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गुण बदलण्याचा अर्ज. तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले, निकालपत्र बंद झालं. दुसऱ्यांदा म्हणाले, कारण लिहा. एर्मिनियाने लिहिलं, मी सांगितलं : ‘विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं. शिक्षिकेचं चुकलं.’

आज म्हणाले, सही जुळत नाही. डाव्या हाताची सही माझी कशी मानायची? कारकून पोरसवदा होता, माझ्याच हाताखालून गेलेल्या एकीचा भाऊ. लाजत लाजत त्याने शाईची डबी पुढे केली. खाणीत नवरा गेल्यावर बायका कागदांवर उठवतात तसा अंगठा मी उठवला.

पंचेचाळीस खोडून शंभर. मी कुणाला कधी शंभर दिले नव्हते.

वसतिगृहाची जागा मात्र गेली ती गेली, त्याला माझा अंगठा पुरत नाही. एर्मिनिया स्वतःच म्हणाली, शिवणाची खोली रिकामी करू, तिथे पलंग मावेल. तिने कपाट हलवलंही. दोन्या सातुर्निनाच्या फोनवरून बेनिताला निरोप पाठवला. शंभर गुण, खोली, जेवण आमच्याकडे, वर्ग मार्चमध्ये सुरू होतात. आणि मला माफ कर. शेवटचं तीनदा म्हणावं लागलं, जीभ वळत नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

मार्चचा पहिला शुक्रवार. नव्या तुकडीसाठी रबराचं पोट आणलंय, फाब्रिसिओने सांगितलं. त्यात पाणथरी बसवता येते आणि काढताही येते. चांगलं आहे. ते कुणाला हसत नाही.

दुपारी दोन्या सातुर्निना स्वतः घरी आली. फोन टेबलावर ठेवला आणि कळ दाबली. आधी शिवणयंत्रांचा आवाज, एकामागे एक, कितीतरी. मग बेनिता. वर्गात बोलायची तशीच, हळू.

“दोक्तोरा, शंभराचं आईने सांगितलं. कागद जपून ठेव म्हटलंय तिला. खोली केलीत, एर्मिनियाताईंना धन्यवाद सांगा. पण ह्या वर्षी नाही येत. बाबांना आता ऑक्सिजन लागतो, मी इथून पाठवते तेव्हा नळकांडं भरतं. पुढचं मला माहीत नाही. तुमच्यावर राग नाहीये माझा. पहिल्यांदा होता.”

मग नुसतीच यंत्रं. मला वाटलं संपलं.

“दोक्तोरा, आता किती बोटं आहे?”

दोन्या सातुर्निनाने फोन माझ्यापुढे धरला. तिला वाटलं उत्तर लगेच मिळेल, इथूनच बोलून पाठवू. रेमिहिओच्या कागदावर पाणथरीची लांबी एकोणीस सेंटिमीटर लिहिलीय, यंत्राने मोजलेलं. बोटं कुणी मोजलीच नाहीत. त्याने हात ठेवला होता, पण तो रडला, मोजायचं राहिलं.

ती गेल्यावर मी अंथरुणावर आडवी झाले. गुडघे दुमडले. डावा हात पुढून ठेवला, खोल श्वास घेतला. काही लागलं नाही. औषधाने आत गेली असेल, किंवा माझा हात चुकीच्या जागी असेल. सत्तावीस वर्षं मी पोरांना बजावलं, पाणथरी एका हाताने बघायची नसते. एक हात मागून उचलून धरतो तेव्हा दुसऱ्याला ती भेटते.

एर्मिनियाला हाक मारली. ती बिचारी धावत आली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, कुठे दाबू? हात गार होता आणि तिला काहीच येत नाही. मी म्हटलं, राहू दे.

उद्या बाजारात जाऊन बेनिताला निरोप द्यायचा आहे. माहीत नाही, असंच सांगणार. हाताला लागलं तेच सांगायचं, नाही लागलं तर नाही म्हणायचं.